वटवाघळासाठी प्लेअर घेता का, राजेहो?

एक मेसेज सध्या फिरून फिरून येतो आहे. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मोठ्या काकांनी पाठवला, परवा नागपुरात धरमपेठेत तर्री पोहे खाताना शेजारच्या माणसानं तोच मोठ्यानं वाचून दाखवला. मजकूर थोडक्यात असा: ‘फोन असताना गाण्यांचा वेगळा प्लेअर म्हणजे पैशांची नासाडी. घ्यायचाच तर 24 बिट, 192 किलोहर्ट्झवाला घ्या, बाकी सगळी खेळणी. एमपी3 2017 मध्येच बंद पडलं. आणि मेमरी कार्ड मोठ्यात मोठं घ्या, आता स्वस्त झालंय.’

यातलं पहिलं म्हणणं अर्धं खरं आहे. तुम्ही इंटरनेटवरूनच गाणी ऐकत असाल तर फोन पुरे, उगाच खर्च करू नका. अ‍ॅपलनंही 2001 मध्ये आणलेला आयपॉड 2022 मध्ये बंद केला, तो काही उगाच नाही. पण माझ्या बाबांचं बघा. सकाळी अंबाझरीला फिरताना त्यांना भीमपलास हवा, त्यात मध्येच कर्ज देणाऱ्या बाईचा फोन नको. चालता चालता खिशात हात घालून, न बघता बटण दाबता आलं पाहिजे. काचेच्या स्क्रीनवर ते जमत नाही.

एमपी3 बंद पडल्याची गोष्ट तर उलटीच आहे. 2017 मध्ये त्याच्या पेटंटची मुदत सरत आली आणि जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेनं परवाने देणं थांबवलं. म्हणजे आता ते कुणीही फुकट वापरावं. घराचं कर्ज फिटलं म्हणून घर पडलं असं कुणी म्हणतं का?

आता ते 192. मेसेजची खरी हवा याच आकड्यात आहे. ध्वनी नोंदवताना सेकंदाला जितके नमुने घेतो, त्याच्या निम्म्यापर्यंतची कंप्रता टिपता येते. सीडीत 44.1 किलोहर्ट्झनं नमुने घेतात, म्हणजे 22 किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं त्यात येतं. तरुण, निरोगी कान ऐकतो 20 पर्यंत. पन्नाशीनंतर ती मर्यादा आणखी बरीच खाली येते. 192 मध्ये 96 किलोहर्ट्झपर्यंतचं मावतं. एवढं ऐकायला वटवाघूळ लागतं. बरं, जागा किती खातं? सीडीचा एक मिनिट साधारण साडेदहा एमबी, 24 बिट (म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईनं नोंदवला ते) 192 चा एक मिनिट 69 एमबी. दोन्ही आकडे फाईल दाबण्याआधीचे, म्हणजे आकारानं लहान करण्याआधीचे.

शिवाय त्यात भरणार काय? बाबांचा निम्मा साठा रेडिओवरून कॅसेटवर उतरवलेल्या मैफलींचा. मध्यम लहरींवरून येणारा आवाज पाचेक किलोहर्ट्झच्या आसपासच संपतो. त्याला 192 च्या पातेल्यात ओतलं तर पातेलं मोठं होईल, वरण तेवढंच राहील. आणि कानाला ब्लूटूथ लावणार असाल तर हा वादच मिटला. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज परत दाबूनच जातो. तेवढा पैसा चांगल्या इअरफोनवर घाला, फरक पहिल्याच गाण्यात कळतो.

मोठ्या कार्डाचा धडा मी स्वतः घेतला आहे. बर्डीच्या बाजारात एका ठिकाणी 128 जीबीचं कार्ड फारच स्वस्त मिळालं. गाणी भरली, नावं सगळी दिसत होती, पण ठरावीक फाईलनंतर एकही वाजेना. अशा कार्डात आत मेमरी असते थोडीशी, फक्त ते संगणकाला मोठा आकडा सांगतं आणि पुढचं सगळं हवेत लिहितं. कार्ड खरं असलं तरी भानगड संपत नाही. 32 जीबीच्या वरची कार्डं वेगळ्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असतात आणि बरेच स्वस्त प्लेअर ती वाचतच नाहीत. एमपी3 मधलं 320 केबीपीएसच्या (सेकंदाला 320 किलोबिट) दर्जाचं चार मिनिटांचं गाणं दहा एमबीच्या आत बसतं. 32 जीबीत तीन हजारांवर गाणी मावतात. रोज वीस ऐकली तरी पाच महिने पुरतील.

ज्यावरून प्लेअर खरंच निवडावा, ते मेसेजमध्ये कुठंच नाही. गाण्याचं नाव देवनागरीत असेल तर तो दाखवतो की नुसते चौकोन? तासाभराचा ख्याल मध्येच बंद केला तर उद्या तिथूनच सुरू होतो की पुन्हा आलापापासून? काही स्वस्त प्लेअर गाणी नावानं लावतच नाहीत, ज्या क्रमानं कॉपी केली त्याच क्रमानं वाजवतात. आमच्याकडे त्यामुळे ‘भाग 2’ आधी आणि ‘भाग 1’ नंतर लागायचा. आणि आपल्या गावचा मे महिना विसरू नका. लिथियमची बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, इथं तेवढं तर सावलीतच होतं. गाडीच्या डिक्कीत ठेवलेला प्लेअर फुगून बाहेर आला तर दोष प्लेअरचा नाही.

म्हणून दुकानात जाताना आपलंच छोटं कार्ड खिशात टाका. त्यात मराठी नावाचं एक गाणं, तासाभराची एक मैफल आणि एक फ्लॅक फाईल (दर्जा न घटवता दाबलेली). लावून बघू द्या म्हणा. नाही म्हणाला, तर बर्डीवर पुढचं दुकान दहा पावलांवरच असतं.