खुलासा : आईच्या चिठ्ठीने अमेरिकेतल्या ‘सगळ्या’ बायकांना मत दिले?

एक मजकूर सध्या फिरतो आहे : 1920 साली टेनेसीच्या एका तरुण आमदाराने आईच्या चिठ्ठीमुळे मत फिरवले आणि त्या दिवसापासून अमेरिकेतल्या सर्व स्त्रियांना मताधिकार मिळाला.

चिठ्ठी खरी आहे. 24 वर्षांचा हॅरी बर्न कोटाला स्त्री-मताधिकाराच्या विरोधकांचे लाल गुलाब लावून बसला होता आणि खिशात बाजूने मत दे असे सांगणारे आई फेब हिचे पत्र होते. 18 ऑगस्टला नॅशव्हिलमध्ये त्याने होकार दिला, मताधिकारात स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई करणारी 19वी घटनादुरुस्ती सभागृहात तरली. पण त्याआधी ठराव बाजूला सारण्याच्या प्रस्तावावर 48-48 अशी बरोबरी होऊन तो प्रस्ताव पडला नसता, तर बर्नची पाळीच आली नसती. ती बरोबरी बँक्स टर्नर या दुसऱ्या आमदारामुळे झाली. त्याचे नाव फिरत्या मजकुरात नाही, कारण त्याच्याकडे आईची गोष्ट नव्हती! शिवाय दुरुस्ती लागू व्हायला 36 राज्यांची मंजुरी हवी होती आणि टेनेसी हे त्यातले 36वे राज्य. आधीच्या 35 राज्यांशिवाय हे मत व्यर्थच गेले असते.

‘सगळ्या स्त्रियांना’ हे तर सरळ चूक. वायोमिंगमध्ये स्त्रिया 1869पासूनच मतदार होत्या. उलट दक्षिणेत मतदानासाठीचा कर, साक्षरतेच्या चाचण्या आणि उघड धाकदपटशा यांमुळे असंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया 1920 नंतरही मतपेटीपासून दूरच राहिल्या. हे अडसर मोडणारा मताधिकार कायदा आला 1965 साली. मिसिसिपीने तर 19व्या दुरुस्तीला औपचारिक मंजुरी दिली ती थेट 1984मध्ये.