सायक्लॉप्सवरचा तो व्हिडिओ, आणि त्यातून कापलेली पानं

तो व्हिडिओ गेल्या काही दिवसांत इतक्या जणांनी पाठवला की त्याकडे दुर्लक्ष करायचं मी ठरवलं होतं. मग तो माझ्या भाच्याने पाठवला. ख्रिस क्लेरमॉन्टने लिहिलेल्या जुन्या ‘एक्स-मेन’ या सुपरहिरो कॉमिकचे खंड तो माझ्याकडून एकेक करून नेतोय आणि 1983 सालापर्यंत पोचलाय. व्हिडिओखाली त्याने विचारलं होतं, ‘मावशी, हा शेवटी व्हिलनच होतो ना? मग पुढचं कशाला वाचू?’ एका चांगल्या वाचकाचं वाचन असं मध्येच तोडलं जात असेल, तर गप्प बसणं मला जमणार नाही.

व्हिडिओचं म्हणणं थोडक्यात असं. एक्स-मेन म्हणजे जन्मतः अचाट शक्ती असलेल्या ‘म्युटंट’ लोकांचा संघ. त्याचा नेता स्कॉट समर्स ऊर्फ सायक्लॉप्स आधी संघाचा संस्थापक प्रोफेसर झेव्हियर याच्या ताटाखालचं मांजर होता. मग बायको आणि तान्हं मूल टाकून तो जुन्या प्रेयसीकडे पळाला. मग ज्याने वाढवलं त्या झेव्हियरलाच मारून दहशतवादी झाला. या पात्राला मुळात स्वभावच नाही, येईल तो लेखक त्याला हवं तसं वाकवतो, म्हणून 2006च्या चित्रपटाने त्याला मारलं ते बरंच केलं.

आधी बायको-मुलाचं बघू. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतायत आणि सगळ्यात जास्त लपवाछपवीही तिथेच आहे.

स्कॉटने बायको मॅडलिन प्रायर आणि बाळाला सोडलं, हे खरं आहे. तिला सांगून-समजावूनही नाही, फोन आला आणि गेला. जुनी प्रेयसी जीन ग्रे हिला भेटल्यावर आपलं लग्न झालंय हेही त्याने तिच्यापासून दडवलं. याचं समर्थन मी करणार नाही, कुणी करूही नये. पण ‘हाच त्याचा खरा स्वभाव’ म्हणणाऱ्याने दोन अंक शेजारी शेजारी ठेवून बघावेत. ‘अनकॅनी एक्स-मेन’चा 201वा अंक, त्यावरची तारीख जानेवारी 1986. आणि ‘एक्स-फॅक्टर’चा पहिला अंक, तारीख फेब्रुवारी 1986.

201व्या अंकात बाळ नुकतंच झालंय. बाळंतपणाच्या वेळी स्कॉट जवळ नव्हता, म्हणून मॅडलिन चिडलेली आहे आणि तिचं चिडणं रास्त आहे. क्लेरमॉन्ट तिची बाजू झाकत नाही. नेतृत्व कुणाकडे राहणार यावर डेंजर रूममध्ये, म्हणजे संघाच्या सरावाच्या खोलीत, स्कॉट आणि त्याची सहकारी स्टॉर्म यांचा सामना होतो. स्टॉर्मकडे तेव्हा कुठलीही शक्ती उरलेली नव्हती, 1984मध्येच ती गेली होती. तरी ती जिंकते. डोळ्यांतल्या किरणांनी डोंगर फोडणारा माणूस हरतो, कारण त्याचं मन दोन ठिकाणी वाटलं गेलंय आणि ते त्याला स्वतःलाच कबूल करता येत नाही. मग तो बायको-मुलासह निघून जातो. वीसेक वर्षं संघाचं ओझं वाहिलेल्या माणसाला क्लेरमॉन्टने इथे सन्मानाने घरी पाठवलं होतं. स्कॉटने संसार करावा, पात्रांची वयं वाढावीत, त्यांनी निवृत्त व्हावं, ही आपली कल्पना होती असं क्लेरमॉन्टने पुढे मुलाखतींमध्ये उघडपणे सांगितलं आहे.

आणि एका महिन्याने, वेगळ्या मासिकात, वेगळा लेखक. मार्व्हल कंपनीला मूळ पाच एक्स-मेन पुन्हा एकत्र हवे होते. त्यासाठी जीन ग्रे जिवंत व्हायला हवी होती. 1980मध्ये तिचा मृत्यू व्हायलाच हवा असा आग्रह संपादक जिम शूटरने धरला होता, आणि त्याच्याच कारकिर्दीत तिला परत आणलं गेलं: चंद्रावर मेली ती जीन नव्हतीच, खरी जीन न्यूयॉर्कजवळच्या जमैका बेच्या तळाशी एका कोशात होती. पाचवा माणूस, म्हणजे स्कॉट, अलास्कात संसार करत होता. त्याला तिथून उचलायचं तर संसार मोडणं भाग. बॉब लेटनने तो पहिल्याच अंकात मोडला. महिन्याभरात माणसाचा स्वभाव बदलला नव्हता, बदललं होतं ते कंपनीचं वेळापत्रक.

व्हिडिओ इथेच थांबतो. पुढचं मात्र वाचण्यासारखं आहे. ‘एक्स-फॅक्टर’च्या सहाव्या अंकापासून लुईज सायमनसन लिहायला आली. तिला हे सगळं झालं-गेलं म्हणून पुसून टाकता आलं असतं. तिने तसं केलं नाही. तिने स्कॉटला परत अलास्काला पाठवलं. तो घरी पोचतो तर घर रिकामं. बायको नाही, बाळ नाही, माग नाही. तो तिथे जवळजवळ वेडा होतो. आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळतं आणि पुढे कित्येक अंक ते त्याला सोडत नाही. दुसऱ्याने घातलेला घाव पात्राच्या अंगावर तसाच ठेवून त्याच्याकडून त्याची किंमत वसूल करणं, याला मी चांगलं लिखाण म्हणते.

एवढा कळवळा असेल तर मॅडलिनबद्दल तरी बोला! खरा अन्याय तिच्यावर झाला. 1989च्या ‘इन्फर्नो’मध्ये तिला मिस्टर सिनिस्टर या खलनायकाने बनवलेली जीनची क्लोन ठरवलं, मग राक्षसांची राणी केलं आणि मारून टाकलं. बायको माणूसच नव्हती म्हटल्यावर नवऱ्याचा अपराध आपोआप हलका होतो. एका चांगल्या, हसऱ्या, विमान चालवणाऱ्या बाईचा बळी देऊन ही धुलाई झाली. व्हिडिओत तिचं नावसुद्धा नाही, ती फक्त ‘बायको’ आहे.

आता झेव्हियरची हत्या. 2012च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स विरुद्ध एक्स-मेन’मधलं अकराव्या अंकातलं ते चित्र व्हिडिओत तीनदा येतं. हो, मारलं. पण त्या वेळी फिनिक्स ही अफाट वैश्विक शक्ती पूर्णपणे त्याच्या अंगात होती, याच शक्तीने पूर्वी जीनच्या रूपात एक अख्खा ग्रह जाळला होता. आणि बाराव्या अंकात जगभर पुन्हा म्युटंट जन्माला येऊ लागतात. 2005नंतर म्युटंटांची जमात संपत आली होती, ती पुन्हा सुरू होईल असं स्कॉट पहिल्यापासून सांगत होता. तो खुनी आहे आणि त्याचं म्हणणं खरंही ठरलं. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणूनच वाचक आजही त्यावर भांडतात. त्यातली एक कापली की कार्टून उरतं.

त्याला खरोखर जाब विचारायचा असेल तर तो 2011च्या ‘स्किझम’मध्ये विचारा. जेसन एरनने ते लिहिलंय. इडी नावाची चौदा वर्षांची मुलगी, समोर ओलीस धरलेली माणसं, मोठे पोचायला उशीर. स्कॉट तिला थांब म्हणत नाही, तुला जे करावंसं वाटतं ते कर म्हणतो. ती माणसं मारते. वुल्व्हरिन, ज्याच्या हातांना सगळ्यात जास्त रक्त लागलंय, तोच चवताळतो की मुलांकडून हे करून घ्यायचं नाही, आणि एक्स-मेन दुभंगतात. माझ्या मते स्कॉटचा सगळ्यात मोठा गुन्हा हा आहे. त्यात फिनिक्स नाही, संपादकाची सक्ती नाही. पण 1963मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी पहिला अंक काढला तेव्हा स्कॉटही शाळकरी पोर होता, आणि त्याला रणांगणात उतरवणारा झेव्हियर होता. जे त्याच्या बाबतीत झालं तेच त्याने इडीच्या बाबतीत केलं. अठ्ठेचाळीस वर्षांचं अंतर, वेगळे लेखक, आणि धागा एकच. मग ‘स्वभावच नाही’ हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तो स्वभाव काय आहे हे त्याच्या डोळ्यांवर लिहिलेलं आहे. जळत्या विमानातून आईवडिलांनी त्याला आणि त्याच्या भावाला एकाच पॅराशूटने खाली ढकललं, पडताना डोक्याला मार लागला आणि डोळ्यांतली ती किरणं त्याच्या ताब्यात राहिली नाहीत. तेव्हापासून त्याचं आयुष्य स्वतःला आवरण्यात गेलंय. ‘एक्स-मेन’च्या 132व्या अंकात वाळवंटातल्या एका कड्यावर जीन आपल्या मनाच्या जोरावर ती किरणं थोपवते आणि त्याचा चष्मा काढते. त्याला एवढंच हवं असतं, आणि ते त्याला थोडाच वेळ मिळतं. जॉस व्हेडनने 2006मध्ये हाच प्रश्न उलटा करून विचारला: दुखापत निमित्त असेल आणि लहानपणी त्यानेच ठरवलं असेल तर? ताबा नसला की निर्णयाची जबाबदारीही नसते. काही जुन्या वाचकांना ते पटलं नाही. मला पटलं. नेतृत्व करणाऱ्या माणसाला आतून नेमकी कसली भीती वाटते ते त्यात सापडतं.

ताटाखालच्या मांजराबद्दल फार बोलायची गरज नाही. 1975मध्ये जुने सगळे संघ सोडून गेले तेव्हा नव्या, न ऐकणाऱ्या लोकांना घडवायला तो एकटा थांबला, आणि पुढच्याच अंकात त्यांच्यातला थंडरबर्ड त्याच्या नेतृत्वाखाली मेला. चमच्यांच्या वाट्याला असली ओझी येत नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध का होईना. लेखक ग्रँट मॉरिसनच्या काळातलं एमा फ्रॉस्टबरोबरचं प्रकरण मला आजही सरळ गिळवत नाही. अपोकॅलिप्स या खलनायकाच्या ताब्यातून सुटून आलेला, जीनशी (ती तोवर त्याची बायको झाली होती) बोलू न शकणारा माणूस मॉरिसनने खरा रंगवला. पण जीन मेल्यावर इतक्या लवकर तिच्या थडग्याशी एमाचं चुंबन घ्यायला लावलं, तिथे पात्रापेक्षा पुढच्या कथेची घाई जास्त दिसते. ‘लेखक हवं तसं वाकवतात’ याला एखादं चांगलं उदाहरण असेलच तर ते हे आहे, आणि व्हिडिओवाल्याला तेही सापडलेलं नाही.

चित्रपटाचं काय सांगायचं. 2006च्या ‘द लास्ट स्टँड’मध्ये जेम्स मार्सडनचा स्कॉट सुरुवातीलाच, तोही पडद्याबाहेर मरतो आणि त्याचं नेतृत्व, त्याचं दुःख सगळं वुल्व्हरिनला वाटून दिलं जातं. त्यामुळे जीनचा शेवटही पोकळ झाला, कारण तिला थांबवायचा अधिकार ज्याचा होता तोच माणूस तिथे नव्हता. 2024च्या ‘एक्स-मेन ’97’ने स्कॉटला पुन्हा पुढे उभं केलं. त्याला बाप म्हणून चुकू दिलं, नेता म्हणून चिडू दिलं. ज्यांनी आयुष्यात एकही अंक वाचला नव्हता ते लोक त्याच्या बाजूने बोलायला लागले. पात्र पोकळ असतं, तर तिथे लोकांच्या हाती काय लागलं असतं?