टीव्ही बघताना मेंदू झोपतो? तो फॉरवर्ड चुकीचा आहे
गावच्या ग्रुपवर फिरतंय ना, की टीव्ही बघताना मेंदू झोपेपेक्षाही कमी चालतो आणि म्हणून माणसं थंड पडलीत, ते खरं नाहीये. बघणं, ऐकणं, भाषा समजणं, ही मेंदूची कामं तेव्हा चालूच असतात. तासन्‌तास बसून राहणं शरीराला वाईट, ते मान्यच. पण आमची काकी मे महिन्यात टीव्हीसमोरच रातांबे (कोकमाची फळं) फोडते, बोटं लालेलाल, हात थांबत नाही आणि मधेच बातमीवरून काकांशी वाद पण घालते, तिला सुस्त कोण म्हणेल? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्याच्या आदल्या दिवशी टीव्हीवरचा इशारा बघूनच आमच्याकडे लोकांनी होड्या वर ओढल्या, पडवीतलं सामान आत घेतलं. प्लीज, तो मेसेज पुढे पाठवू नका.