पेसमेकरमधला रिसीव्हर चोवीस तास चालू नसतो

‘पेसमेकरमधला रिसीव्हर चोवीस तास चालू असतो, वायफाय आणि टॉवरच्या लहरींनी ठोके बिघडतात, रस्त्यावरून कुणीही तो हॅक करू शकतो, घरचा मॉनिटर आजच बंद करा.’ हा मेसेज वाचून आमच्या काकांनी मॉनिटरची, म्हणजे पेसमेकरची माहिती घेऊन डॉक्टरांना पाठवणाऱ्या घरच्या यंत्राची, पिन खरोखर काढून ठेवली, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा आधी, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. पेसमेकरची बॅटरी साधारण १ अँपिअर-तासाची. अख्ख्या यंत्राने सरासरी १० मायक्रोअँपिअर घेतले तर ती ११ वर्षं पुरते. मॉनिटरशी बोलणारा ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातला रेडिओ चालू असताना ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. तो सतत चालू ठेवला तर २०० तासांत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत बॅटरी संपेल! म्हणून तो झोपलेला असतो. अधूनमधून क्षणभर कानोसा घेतो तो एक बारका वेक-अप (मुख्य रेडिओला उठवणारा) रिसीव्हर, सरासरी सुमारे २५० नॅनोअँपिअरवर. तेवढ्यानेही त्या ११ वर्षांतले तीनेक महिने जातात. जुन्या मॉडेलांत तर असा रेडिओच नाही. डॉक्टर छातीवर वँड (हातात धरायचं वाचक यंत्र) ठेवून वाचतात.

वायफायचं अर्धसत्य आहे. काही डिझाइनमध्ये वेक-अप २.४५ गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यात असतो. नुसती सिग्नलची ताकद मोजणारा डिटेक्टर लावला तर राउटर त्याला पुन्हा पुन्हा उठवेल आणि बॅटरी उतरेल. त्यासाठीच ठरावीक कोड जुळल्याशिवाय मुख्य रेडिओ उठवत नाहीत. आणि नुसता रेडिओ उठल्याने ठोका बदलत नाही.

टॉवरच्या लहरी पेसमेकरची टायटॅनियमची डबी आणि लीडच्या (हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेच्या) तोंडाशी बसवलेले फिल्टर कपॅसिटर अडवतात. खिशातल्या फोनचं चुंबक मात्र लक्षात ठेवा: फोन पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर लांब हवा.

हॅकिंगचं मान्य करावं लागेल. २००८ साली मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी शरीरात बसवायच्या एका डिफिब्रिलेटरवर (लय बिघडली तर हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्रावर) ते करून दाखवलं; त्याचे संदेश कूटबद्धच नव्हते. पण ते प्रयोगशाळेत, १७५ किलोहर्ट्‌झवर आणि काही सेंटिमीटरवरून. रस्त्यावरून नव्हे. अशा त्रुटीवर उपाय फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचा. अमेरिकेत २०१७ साली लाखो पेसमेकरसाठी तो काढला, आणि तो दवाखान्यात जाऊनच घ्यायचा होता.

मॉनिटर बंद केल्याने यातलं काहीच टळत नाही. बॅटरी उतरतेय, लीड तुटलीय, लय बिघडलीय, ही खबर डॉक्टरांपर्यंत जायची तेवढी थांबते. पिन परत लावा.