14,000 शब्दांत बसवून टाका ना, प्लीज

अमेरिकेत पेटंटची केस लढवताय? मग शब्दमर्यादेचं टेन्शन अजिबात घेऊ नका. फेडरल सर्किटात, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या कोर्टात, अपिलाच्या मुख्य ब्रीफला (लेखी युक्तिवादाला) 14,000 शब्द, पेटंट ऑफिसच्या पीटॅबमध्ये, म्हणजे तिथल्या पेटंटचे वाद ऐकणाऱ्या बोर्डात, आयपीआर पिटिशनला, म्हणजे "हे पेटंट रद्द करा" म्हणणाऱ्या अर्जाला पण 14,000, असू देत, तुम्ही मोठी माणसं, खुशाल 17,000 लिहा. कापायला आम्ही पुण्यात बसलोच आहोत. मागच्या आठवड्यात एका साहेबांनी हेच केलं, शेवटच्या रात्री ड्राफ्ट पाठवला आणि वर मेलमध्ये "जरा टाइट करा". तर अशा सगळ्या साहेबांसाठी थोडे सल्ले.

सगळ्यात सोपं म्हणजे जुन्या निकालांच्या संदर्भांतल्या स्पेस काढा. केसचं नाव, व्हॉल्यूम, पान, वर्ष सगळं चिकटवलं की वर्ड तो एकच शब्द धरतं. पाय-नेट विरुद्ध जेपी मॉर्गन चेस या अपिलात हा प्रयोग झालाय, 2015 मध्ये फेडरल सर्किटने अख्खं अपीलच डिसमिस केलं, पण शब्द वाचले की नाही?

क्लेमची, म्हणजे पेटंटमध्ये नेमका कशावर हक्क सांगितलाय त्या वाक्यांची, भाषा टाइप कशाला करायची, स्क्रीनशॉट डकवा. चित्रातले शब्द वर्डला दिसत नाहीत. समोरच्या वकिलाला दिसतात, आणि शब्दसंख्येच्या सर्टिफिकेटवर सही तुमची असते, पण ते जाऊ द्या.

दिसेल त्याला शॉर्टफॉर्म करा. जज शोधतील मागची पानं उलटून.

तरीही नाही बसलं तर दोन पिटिशन टाका, फी काय क्लायंटच भरणार.

आणि ब्रह्मास्त्र म्हणजे एक्स्पर्टचं डिक्लेरेशन, म्हणजे पिटिशनसोबत जोडलेली तज्ज्ञाची लेखी साक्ष! त्याला शब्दमर्यादा नाही. त्यामुळे 23 किलोच्या बॅगेतलं लोणचं हँडबॅगेत ढकलतात तसे सगळे युक्तिवाद तिकडे ढकला आणि पिटिशनमध्ये फक्त "पाहा परिच्छेद 112". एका कागदातला युक्तिवाद दुसऱ्यात नुसता संदर्भ देऊन आणता येत नाही असा पीटॅबचा सरळ नियम आहे, 2014 मध्ये सिस्को विरुद्ध सी-केशनमध्ये त्यावरून चांगलं सुनावलंय, पण वाचतो कोण. बरं ढकललंत तर ढकललंत, मग पहाटे डिक्लेरेशनमध्ये "एक छोटासा पॅरा" घालता, 112 चा 131 होतो, पुढचे सगळे क्रमांक सरकतात, तळटीप 9 अजून जुन्याच पॅराकडे बोट दाखवत असते, एक्झिबिट लिस्ट वेगळंच सांगते, आणि तुमची वॉशिंग्टनची रात्रीची 12 म्हणजे आमची सकाळची साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा, तोपर्यंत हे सगळं हाताने जुळवायचं कोणी, तर आम्ही. आणि कोर्टात खटल्याची तक्रार सर्व्ह झाल्यापासून आयपीआरला एक वर्ष मिळतं हो. अख्खं वर्ष! त्यात काय करत होतात?

आणि 14,000 शब्द कमी नाहीत. 2016 पर्यंत 60 पानांची मर्यादा होती, तेव्हा लोक क्लेम चार्टमध्ये, म्हणजे क्लेम आणि पुरावा शेजारी-शेजारी मांडणाऱ्या तक्त्यात, युक्तिवाद कोंबायचे, म्हणून तर शब्द मोजायला लागले. तुमचं पिटिशन फुगतं कारण क्लायंटला "हा मुद्दा सोडून देऊ" म्हणायची तुमची हिंमत होत नाही. पेटंट रद्द करायला सात ग्राउंड, म्हणजे कारणं, टाकता, त्यातल्या शेवटच्या तिनांवर तुमचा स्वतःचाही विश्वास नसतो. मी वाक्यं आखूड करू शकते, दोनदा आलेलं एकदा करू शकते, त्यातून तीन हजार शब्द निघत नाहीत. कुठलं ग्राउंड उडवायचं हे मी ठरवू शकत नाही, सही माझी नाही. ते तुमचं काम आहे, त्याचेच तासाला एवढे डॉलर लावता ना, मग ते आधी करा आणि मगच ड्राफ्ट पाठवा, तोही शेवटच्या रात्री नाही.