ल, ला आणि एक किलो लसूण

आमच्या घरात सध्या एक किलो लसूण आहे. लग्नकार्य नाही, लोणच्याचा हंगाम नाही, आणि घरात माणसं तीन. त्यातलं एक सात वर्षांचं, भाजीत लसणीची पाकळी दिसली की ती ताटाच्या कडेला मांडून ठेवणारं. तरीही ओट्यावरच्या टोपलीत गड्ड्यांचा ढीग आहे. याला कारण फ्रेंच व्याकरण. (तो लसूण की ती लसूण, यावर माझ्या सासर-माहेरचं अजून एकमत नाही. पण मराठीत भांडून झालं की निदान फोडणी तरी देता येते.)

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला आलो. नवरा विमानांच्या कामावर आणि मी आठवड्यातून दोन संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गात. पहिल्याच दिवशी कळलं की या भाषेत नाम एकटं घराबाहेर पडत नाही. जुन्या काळच्या सासुरवाशिणीसारखं सोबतीला कुणीतरी लागतंच. पुल्लिंगी असेल तर ‘ल’, स्त्रीलिंगी असेल तर ‘ला’, अनेक असतील तर ‘ले’. ओळखीचं नसेल तर ‘अँ’, ‘यून’ आणि ‘दे’. आणि सगळं नको, त्यातलं थोडंसंच हवं असेल तर ‘द्यु’ किंवा ‘द ला’. ‘द’ आणि ‘ल’ शेजारी आले की त्यांचा ‘द्यु’ होतो. संस्कृतच्या पेपरात मी असा संधी केला असता तर बाईंनी वही भिरकावली असती.

तरी मी निर्धास्त होते. वर्गातली तुर्की मुलगी रडकुंडीला आली होती, कारण तिच्या भाषेत लिंग हा प्रकारच नाही. मी तिला मोठेपणाने धीर दिला, ‘अगं, इथे दोनच तर आहेत. आमच्यात तीन आहेत.’ तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू आमच्याकडे दुष्काळ पडलाय.

माज आठवडाभर टिकला. दाढी आणि मिशी दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी निघाल्या, तेव्हा तर मला वाटलं, झालंच आता. पण त्यानंतर हात निघाला ‘ला’ आणि पाय ‘ल’, म्हणजे एकाच धडाला दोन पक्ष. भिंत पुल्लिंगी. दात स्त्रीलिंगी. सगळ्यात हाल झाले ते आमच्या नपुंसकलिंगी शब्दांचे. पुस्तक, नाक, दार, घर ही सगळी ‘ते’ मंडळी इथे उतरल्यावर जाणार कुठे? पुस्तक आणि नाक पुरुषांच्या रांगेत, दार आणि घर बायकांच्या. घराला बेघर झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

वर्गात एक स्पॅनिश मुलगा आहे. त्याची भाषा फ्रेंचची सख्खी मावसबहीण, त्यामुळे आम्ही सगळे त्याच्यावर जळायचो. मग एक दिवस तो दूध, मीठ आणि मध या तिन्ही शब्दांना ओळीने अडखळला. त्याच्याकडे तिन्ही स्त्रीलिंगी, इथे तिन्ही पुल्लिंगी. त्या दिवशी तुर्की मुलीने सगळ्यांना कॉफी पाजली.

मॅडम प्रेमळ आहेत. त्या नियम देतात. शेवटी ‘आज’ येणारे शब्द पुल्लिंगी, म्हणून चीज म्हणजे ‘ल फ्रोमाज’ आणि खेडं म्हणजे ‘ल व्हिलाज’. आम्ही वहीत रेघ मारेपर्यंत त्या हळूच म्हणतात, ‘प्लाज’ सोडून. म्हणजे समुद्रकिनारा. आणि ‘पाज’, म्हणजे पान. आणि पिंजरा. आणि चित्र. पुढे ‘ह’चा खेळ. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ फ्रेंच माणूस उच्चारतच नाही. पण काही ‘ह’ मुके असून मुके, म्हणून पुढचा ‘ल’ शब्दालाच चिकटतो आणि माणूस होतो ‘लोम’. आणि काही ‘ह’ मुके असूनही मानी, त्यांच्यापुढे ‘ल’ने अंग चोरायचं नाही. म्हणून फरसबी ‘लारिको’ नव्हे, ‘ल आरिको’. दोघंही गप्पच बसलेले, पण एकाच्या गप्प बसण्याला मान आहे. असे काकालोक आपल्याकडेही असतात.

माझ्या मनातली शरम थोडी कमी झाली ती कोविडमुळे. हा शब्द इथे आला तो ‘ल कोविड’ म्हणून. सगळे तसंच म्हणत असताना मे २०२० मध्ये आकादेमी फ्रांसेज या फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या १६३५ सालच्या संस्थेने सांगितलं, की रोग स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘ला कोविड’ म्हणा. लोक अजूनही बिनदिक्कत ‘ल’ म्हणतात. आपल्याकडे कोरोना आला तेव्हा तो आला की ती आली हे विचारायला कुणी कुठे गेलं होतं?

पण खरा घात पाववाल्याकडे झाला. चॉकलेट भरलेल्या त्या चौकोनी पावाला आमच्या पुस्तकात ‘पँ ओ शोकोला’ म्हणतात आणि तो पुल्लिंगी. मी ‘अँ’ घोकत रांगेत उभी. नंबर आला, मी अचूक बोलले. काउंटरमागच्या बाईंनी थंडपणे दुरुस्त केलं, ‘यून शोकोलातीन’. तुलूझमध्ये त्याला हेच नाव आहे, आणि हे नाव स्त्रीलिंगी. म्हणजे पॅरिसहून इथवर येईपर्यंत त्याच पावाचं नावही बदलतं आणि लिंगही. असल्या पदार्थाचं लिंग पाठ करून उपयोग काय?

त्या दिवसापासून मी सावध झाले आणि मला किलोचा शोध लागला. प्रमाण सांगितलं की ल, ला, द्यु सगळे गळून पडतात आणि नुसता ‘द’ उरतो. बटाट्याचं लिंग काहीही असो, ‘अँ किलो द’ म्हटलं की मामला मिटला. मार्शे व्हिक्टर ह्यूगो या इथल्या मंडईत मी ताठ मानेने फिरू लागले. एक किलो टोमॅटो, एक किलो वांगी, एक किलो आलं. आणि अर्थात ‘अँ किलो दाय’, म्हणजे लसूण. कोथिंबीर मात्र जुडीने मिळते, आणि जुडीपुढे अँ लावायचं की यून हे ऐनवेळी आठवत नाही, म्हणून सहा महिने आम्ही कोथिंबिरीशिवाय पोहे खाल्ले.

वर्गात कुणीतरी सुचवलं, की अर्ध्या किलोला ‘लिव्र्’ म्हण. म्हटलं. टोमॅटोवाल्याने विचारलं, ‘कुठल्या लेखकाचं?’ ‘यून लिव्र्’ म्हणजे अर्धा किलो, ‘अँ लिव्र्’ म्हणजे पुस्तक. मी टोमॅटोचं पुस्तक मागितलं होतं. मी निमूट किलोवर परत आले.

नवऱ्याला यातलं काही होत नाही. त्याचं धोरण एकच, दिसेल त्याला ‘ला’. ला पाव, ला वाइन, ला मेट्रो. सगळं चूक, आणि सगळ्यांना सगळं समजतं. चिरंजीव शाळेत जातात आणि बरोबर बोलतात. का बरोबर, असं विचारलं तर म्हणतात, ‘आई, दुसरं ऐकायला घाण वाटतं.’ भिंत ‘ती’ का, हे मला तरी कुठे सांगता येतं?

शेजारच्या बाईंची नात सुट्टीत राहायला आली, पिंजऱ्यात गुबगुबीत ससा घेऊन. मी कौतुकाने म्हणाले, ‘जेम ल लापँ.’ बाईंचा चेहरा उजळला. मला म्हणायचं होतं ‘ले लापँ’, म्हणजे ससे आवडतात. एक ससा आणि अनेक ससे यांचा उच्चार फ्रेंचमध्ये एकच, फरक काय तो पुढच्या ‘ल’ आणि ‘ले’चा. आणि ‘ल’ म्हटलं की तो ससा ताटातला. मी जन्माची शाकाहारी. अंडं घातलेला केकसुद्धा मी मनाशी तडजोड करूनच खाते.

रविवारी जेवायचं बोलावणं आलं. तुमच्या आवडीचं केलंय, म्हणाल्या. आत शिरताच चिरंजीव आधी पिंजऱ्याकडे धावले. ससा जागेवर होता, गाजर खात. टेबलावर मोहरीच्या सॉसमधला दुसरा होता, खाटिकाकडून आणलेला.

मी मनात मांडणी केली. ‘आवडत नाही’ म्हटलं तर ‘ल’ तसाच राहतो, पण मग नात दुखावणार. ‘खात नाही’ म्हटलं तर नकाराबरोबर ‘द्यु’ जातो आणि ‘द’ येतो. ‘ज न माँज पा द लापँ.’ एकही चूक नाही! मी कौतुकाची वाट पाहत राहिले. बाई मात्र कपाळाला हात लावून आत पळाल्या आणि माझ्यासाठी चीज, पाव आणि लेट्यूसची पानं घेऊन आल्या.

नवऱ्याने तेवढ्यात ताट पुढे केलं. ‘आंकोर ला लापँ,’ तो म्हणाला. बाईंनी त्याला मांडीचा मोठा तुकडा वाढला, आणि वर सॉस.