पळत्याच्या पाठी

धबधबा हा मुळात लांबून पाहण्याचा पदार्थ आहे, असे माझे पहिल्यापासूनचे मत होते. समोरच्या कड्यावर कठडा असावा, कठड्याशी बाक असावा, पाण्याने आपले काम तिकडे करावे आणि आपण आपले इकडे, ही व्यवस्था दोन्ही पक्षांना सोयीची होती. ती माझ्या भाच्याने मोडली. "मामा, वरून काय पाहायचं? खरी मजा पायथ्याशी," असे तो म्हणाला आणि घळीतून जाणारी ही वाट 'अवघड' या सदरात मोडते, एवढा तपशील त्याने आम्ही घळीत शिरल्यानंतर पुरवला.

घळीतल्या वाटेविषयी पहिली गोष्ट सांगायची ती ही, की तिथे वाट नसते. धोंडे असतात. काही पाटाएवढे, काही कपाटाएवढे आणि दोन-तीन तर चांगले खोलीएवढे होते. त्यांच्यावरून चढून, त्यांना वळसा घालून किंवा त्यांच्या खालच्या फटीतून सरपटत पुढे जायचे असते. भाचा एका धोंड्यावरून दुसऱ्यावर टुणटुण उड्या मारत होता, तर मी प्रत्येक धोंड्याची आधी सविस्तर चौकशी करत होतो. चौकशीत खात्रीचा ठरलेला धोंडा पाय ठेवताच डुगडुगे आणि मी नापास केलेल्या धोंड्यावर भाचा बसून बिस्किटे खात असे. हिरव्यागार शेवाळाचे मला भय राहिले नाही, कारण ते निदान आपण शेवाळ आहोत हे लपवत नाही. ओल्या कातळावर जो काळसर, असून नसल्यासारखा पातळ थर असतो, तो खरा दगाबाज.

माझी ही अवस्था पाहून भाच्याने मला तीन टेक्यांचा नियम शिकवला. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन अवयव कायम दगडाला टेकलेले असावेत आणि उरलेल्या एकानेच पुढची जागा शोधावी. नियम उत्तम आहे. मी तो पाळलाच, शिवाय एरवी खुर्चीसाठी राखून ठेवलेला पाचवा टेकाही कामाला लावला. उतारावर सर्वांत भरवशाचा तोच निघाला. फक्त विजारीचे त्या बाबतीत वेगळे मत पडले.

धबधब्याचा आवाज एव्हाना येऊ लागला होता, पण त्याने दिलासा मिळण्याऐवजी फसवणूकच झाली. घळीच्या दोन्ही भिंतींवर आपटून तो इतका घुमतो की पुढच्या वळणावर धबधबा उभा आहे, असेच प्रत्येक वळणावर वाटते. पडत्या पाण्यात हवा कोंडली जाते आणि तिच्या बुडबुड्यांमधून हा घनगंभीर नाद उठतो, असे भाच्याने सांगितले. म्हणजे नुसत्या बुडबुड्यांच्या शब्दावर विसंबून मी सव्वा तास चाललो होतो. मोबाइलमधला नकाशा उघडला, तर अरुंद घळीत आकाशाची जेमतेम एक चिंधी दिसत असल्याने आणि उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून येत असल्याने, माझा निळा ठिपका मी उभा होतो त्या डबक्यात नसून थेट वरच्या कड्याच्या माथ्यावर, बहुधा एखाद्या बाकावर, विराजमान होता. स्वतःचा इतका हेवा मला पूर्वी कधी वाटला नव्हता.

"हा धबधबा आहे तरी कुठे?" असे मी विचारले. चूक माझीच, भाचा भूशास्त्र शिकतो. वर कठीण खडक आणि खाली मऊ खडक असला की पडणारे पाणी खालचा थर पोखरते, वरचा कातळ अधांतरी राहतो, एक दिवस कोसळतो आणि धबधब्याची कडा तेवढी मागे सरकते. अशा धबधब्याने मागे हटताना सोडलेली वाट म्हणजेच घळ. नायगाऱ्याने सुमारे 12 हजार वर्षांत अशी 11 किलोमीटर माघार घेतली आहे. मी मनाशी हिशेब केला : वर्षाला जेमतेम एक मीटर. माझा वेग त्याहून बरा होता, पण प्रौढी मिरवण्याइतका नव्हे. हजारो वर्षे आमच्याकडे पाठ करून चाललेल्या एका गृहस्थाचा, त्याने वाटेत टाकलेले सामान तुडवत, मी पाठलाग करत होतो. त्या सामानाचे महत्त्वही भाच्याने सांगितले. 1969 साली अमेरिकेने आपल्या बाजूचा नायगारा बांध घालून काही महिने कोरडा ठेवला होता, आणि पायथ्याशी साचलेले धोंडे उचलावेत की काय, हा त्यामागचा एक प्रश्न होता. विचारान्ती धोंडे तसेच राहू दिले. मला कुणी विचारले नाही.

आत शिरतानाच भाच्याने एक ताकीद दिली होती. डोक्यावर आकाश निरभ्र असले तरी वर कुठेतरी पाऊस पडून ओढ्याला अचानक लोंढा येऊ शकतो. पाणी गढूळ होऊ लागले किंवा त्यातून काटक्या-पाचोळा वाहू लागला, तर विचार करत न बसता उंच जागा गाठायची. त्यामुळे मी दर दोन मिनिटांनी पाण्याकडे पाहत होतो. आणि एका वळणावर ते खरोखरच गढूळ झाले! वर पाचोळाही आला. तीन टेके, चार टेके, सगळे विसरून मी शेजारच्या दरडीवर पुरुषभर उंचीपर्यंत कसा पोहोचलो, ते मला आजही सांगता येणार नाही. तिथून दिसले ते असे, की पुढच्या डबक्यात भाचा गुडघाभर पाण्यात उभा राहून बुटातला गाळ धूत होता. वर जाण्यास दोन सेकंद लागले होते. खाली येण्यास वीस मिनिटे लागली.

त्या उतरण्यात माझ्या उजव्या बुटाने तोंड उघडले. हे बूट मी अशाच एखाद्या प्रसंगासाठी सहा वर्षे कपाटात जपून ठेवले होते. त्यांच्या तळव्यातले पॉलियुरेथेन न वापरताही, नुसत्या हवेतल्या दमटपणाने, कुजत जाते, ही माहिती भाच्याकडे होतीच. प्रत्येक पावलागणिक तो तळवा फटक् फटक् करत सुसरीसारखा जबडा मिटत-उघडत होता आणि आत शिरलेले बारीक खडे चघळत होता. नाडीने त्याचे तोंड बांधले, तर टाचेकडून सुटला. शेवटी तो एका रांजणखळग्यात पडला, तिथल्या गोल गोट्यांसोबत दोनदा गरगरला आणि बुडाला.

पायथा आला तो अचानक. दिसला मात्र नाही. पडणाऱ्या पाण्याबरोबर खाली ढकललेला वारा समोरून असा अंगावर येत होता की चष्म्यावर तुषारांचा पडदा बसला, आणि तो पुसावा तर अंगावर कोरडा कपडा उरला नव्हता. पाण्याबरोबर दगडही येतात म्हणून धारेखाली जायचे नाही, असे भाच्याने बजावले. माझा तसा काहीही बेत नव्हता. ऊन पाठीशी घेतल्यावर समोर इंद्रधनुष्य उमटले, तेव्हा मी हर्षाने बोट दाखवले. "ते तुमचं, मामा. माझं मला वेगळं दिसतंय," तो म्हणाला. प्रत्येकाच्या डोळ्यांना आपापल्या जागेवरून आपले स्वतःचे इंद्रधनुष्य दिसते म्हणे. एवढी पायपीट करून मिळालेली एकमेव वस्तू निदान माझ्या एकट्याच्या मालकीची होती, याचे मला समाधान वाटले.

भाच्याने माझा एक फोटो काढला. त्यात सर्वत्र पांढरे धुके आहे आणि खालच्या कोपऱ्यात तळवा नसलेल्या बुटातून बाहेर आलेला मोजा स्पष्ट दिसतो. घरी ही तो फोटो बराच वेळ निरखत होती. मग तिने विचारले, "हा मोजा माझा ना?"